एक किलोमीटरच्या आत

३ फेब्रुवारी, सोमवार

दोऱ्याचं अख्खं रीळ संपलं! ह्यांच्या शिलाई मशीनशेजारचं काळं रीळ सकाळी न विचारता पिशवीत टाकलं होतं. पाचवीच्या बावीस मुलांनी अर्ध्या तासात त्याचा फडशा पाडला. संध्याकाळी पुढच्या खोलीतून, म्हणजे दुकानातून, आवाज — "काळं रीळ कुणी पाहिलं का?" चहा झाल्यावर कबूल केलं. टेलरच्या बायकोनं टेलरकडेच चोरी करावी म्हणजे कमाल झाली, म्हणाले.

पण वर्ग काय रंगला! प्रत्येकाला आपल्या भागाच्या नकाशाची एकेक झेरॉक्स दिली. आपलं घर शोधायचं, तिथून रस्त्यारस्त्यानं दोरा लावत शाळेपर्यंत यायचं, मग दोरा ताणून पट्टीवर ठेवायचा. जितके सेंटिमीटर, त्याला पन्नासनं गुणायचं. नकाशाखाली लिहिलंच आहे — एक सेंटिमीटर बरोबर पन्नास मीटर. पुस्तकातल्या गुणाकाराला तोंड वाकडं करणारी मंडळी आज आपण होऊन गुणत होती, कारण उत्तर स्वतःच्या घराचं होतं.

वकील म्हणाला, "बाई, मी वाटेत मित्राला हाक मारायला थांबतो, ते धरायचं का?" ह्या मुलाला वकील हे नाव मी दिलेलं नाही, वर्गानंच दिलंय. असंच नाव पडलेली दुसरी म्हणजे मुंगी. एवढीशी आहे, सगळ्यांच्या आधी शाळेत येते आणि चालताना काहीतरी मोजत असते. तिचा दोरा सगळ्यात नीट लागला होता. वळणावर बोटानं दाबून धरत होती, म्हणजे कोपरा कापला जाऊ नये!

पुस्तकातली गणितं मला आवडत नाहीत. एक माणूस ताशी पाच किलोमीटर वेगानं चालतो. कुठे चाललाय? कुणाकडे? ते नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं.

हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावलं, दार लोटलं. वाचून दाखवताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण चष्मा दोनदा पुसला. लहान शाळेपासून दुसरी शाळा चालण्याच्या वाटेनं एक किलोमीटरच्या आत असेल तर लहान शाळा बंद करून मोठीत मिसळायची. आमची पटसंख्या एक्केचाळीस. हमरस्त्यापलीकडची मोठी शाळा कार्यालयाच्या कागदावर ८९० मीटर. हरकत असेल तर चोवीस तारखेपर्यंत कळवा. सत्तावीसला साहेब पाहणीला येतील.

मला हे नवीन नाही. आधीची शाळा अशीच गेली. तेव्हा मी "अतिरिक्त" ठरले. दोन वर्षं एका मोठ्या शाळेच्या ऑफिसात बसून याद्या उतरवल्या, हातात खडू नाही. पण ते राहू दे. तिथल्या एकोणतीस मुलांपैकी नऊ नव्या शाळेत पोचलीच नाहीत. कुणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिलं, कुणाला एकट्यानं पाठवायला घरचे तयार नव्हते. नऊ! मला त्यांचे हजेरीचे क्रमांकसुद्धा पाठ आहेत.

ही शाळा जाता कामा नये. बस्स.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरात एका जागी बसवत नाही. ओट्यापासून खिडकीपर्यंत सात पावलं, परत सात. "तुझ्या पायात भिंगरी बसवलीय का गं?" — हे.

८९० आलं कुठून? आज कळलं. कार्यालयातल्या कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली, ह्या शाळेपासून त्या शाळेपर्यंत सरळ. मधे घरं आहेत, बर्फाचा कारखाना आहे, हमरस्ता आहे. आमची मुलं काय कावळे आहेत?

मग मोजूच की खरी वाट! गणिताचा तास आहेच. उद्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं उलटंच झालं.

फळ्यावर लिहिलं — कार्यालयाचं माप ८९० मीटर, सरळ रेषेत. आपण रस्त्यानं मोजू. मुलांना कारण सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं ठाऊक होतं. शाळेतली बातमी पाण्यासारखी झिरपते. शाळेच्या दारापासून चौकापर्यंत, तिथे सिग्नलला हमरस्ता ओलांडून पलीकडनं परत मागे, असा दोरा लावला. पाच गटांनी. सतरा, सतरा पूर्णांक दोन, बाकी तिघांचं सतरा पूर्णांक एक. १७.१ गुणिले ५० — ८५५!

म्हणजे कार्यालयापेक्षाही कमी. मी फळ्याकडे तोंड करून उगाच फळा पुसत राहिले. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

मागून मुंगीचा आवाज. "बाई, सरळ गेलं तर आठशे नव्वद, आणि वळून वळून गेलं तर त्याहून कमी? असं कसं?"

असं कसं! चौदा वर्षं गणित शिकवतेय आणि एवढंही दिसू नये? घाबरलं की माणसाची अक्कल चरायला जाते. वळणाची वाट सरळ रेषेहून छोटी असूच शकत नाही. कुणाचं तरी माप चुकलंय. कार्यालयाचं की आमचं?

१० फेब्रुवारी, सोमवार

आमचं. माझं!

मूळ नकाशा हेडसरांच्या कपाटात गुंडाळून ठेवलेला असतो, मोठ्या कागदावरचा. तो आणि झेरॉक्स शेजारी ठेवले आणि कपाळावर हात मारला. झेरॉक्सवाल्याला मीच सांगितलं होतं, "एका पानावर बसव." त्यानं बसवला. नकाशा लहान झाला, रस्ते लहान झाले, शाळा लहान झाली, पण "एक सेंटिमीटर बरोबर पन्नास मीटर" हे वाक्य तसंच छापून आलं. अक्षरं लहान झाली म्हणून त्यातला पन्नास थोडाच लहान होतो!

मूळ नकाशावर दोरा लावला. चोवीस पूर्णांक दोन. गुणिले पन्नास, १२१०. बाराशे दहा मीटर! जिवात जीव आला. हेडसर म्हणाले, "बाई, तुम्ही नाचताय." खरंच नाचत होते.

मुलांपुढे चूक कबूल केली. वकिलानं लगेच विचारलं, "मग आम्हाला घराची मापं परत करावी लागणार?" लागणार! नकाशाच्या कोपऱ्यात ती काळी-पांढरी पट्टी असते ना, शंभर मीटर, दोनशे मीटर लिहिलेली, तिचा उपयोग आज त्यांना मी न सांगता कळला. ती नकाशाबरोबर लहान होते, म्हणून ती फसवत नाही. मुंगी म्हणाली, "म्हणजे लिहिलेल्यापेक्षा काढलेलं खरं." मी म्हटलं, आणि काढलेल्यापेक्षा चाललेलं खरं. नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही, असं कधी समजू नका.

मोठ्या आवाजात म्हटलं मी हे. बावीस जणांसमोर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना सगळं सांगितलं. काज करत होते, मान वर न करता म्हणाले, "कागदाचं कागदावर. साहेब म्हणेल, तुमचा नकाशा जुना. मोजायचं तर जमिनीवर मोज."

मग सायकलचं चाक! मीटरपट्टीनं सव्वा किलोमीटर कोण मोजणार? ह्यांचाच टेप घेऊन चाकाचा घेर मोजला. दोनशे सात सेंटिमीटर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला दोन पूर्णांक शून्य सात मीटर. चाकाला लाल चिंधी बांधायची, चिंधी खाली आली की एक.

टेप परत देताना विचारलं, गिऱ्हाइकाचं माप तुम्ही दोनदा का घेता? म्हणाले, "पहिल्यांदा माणूस पोट आत ओढून उभा राहतो."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुलांची पावलं मोजली. मैदानात शंभर पावलं चालायचं, अंतर टेपनं मोजायचं, शंभरनं भागायचं. वकील ढांगा टाकत गेला, दुसऱ्यांदा तसं जमेना! मुंगीचं पाऊल बावन्न सेंटिमीटर. तीनदा चालली, तिन्ही वेळा बावन्नच मीटर. ही मुलगी म्हणजे एक यंत्र आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मोजलं!

सकाळची शाळा सुटल्यावर पालकांना सांगून दहा मुलं घेतली. सायकल हातात धरून मी, एका बाजूला मोजणारे तीन, दुसऱ्या बाजूला वेगळे मोजणारे तीन. मोठ्यानं बोलायचं नाही, मनात मोजायचं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला लागणार नाही. शंभर झाले की बोट दुमडायचं. चौकातल्या चांभारानं विचारलं, "बाई, पंक्चर आहे का?" वकील म्हणाला, "सरकारी काम चालू आहे."

जाताना ५८७ फेरे. येताना ५८९. सरासरी ५८८, गुणिले २.०७ — १२१७ मीटर. नकाशा म्हणत होता १२१०! सात मीटरचा फरक. सव्वा किलोमीटरमध्ये सात मीटर! मला आनंदानं रडू येईल की काय असं झालं. हमरस्ता ओलांडताना मात्र दहाही मुलांनी माझा पदर, सायकल, एकमेकांचे हात, जे मिळेल ते घट्ट धरलं होतं. ट्रक काय जातात तिथनं! हेही लिहायचं हरकतीत.

एक किलोमीटर दोनशे सतरा. आता बोला म्हणावं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुंगी शाळा भरायच्या आधी आली. वही पुढे केली. पेन्सिलीनं काढलेला छोटा नकाशा, शेजारी हिशोब.

१८०८ पावलं गुणिले ०.५२ = ९४०.१६ मीटर.

"काय हे?"

"बाई, मोठ्या शाळेची जवळची वाट. बर्फाच्या कारखान्यामागनं. भिंतीला खिंडार आहे ना, तिथनं आत, मग हमरस्त्याखाली मोरी आहे, थोडं वाकायचं, की पलीकडे. आई रोज तिथनंच लाँड्रीत कामाला जाते. मी काल तिच्याबरोबर जाऊन मोजलं. रस्ता ओलांडावाच लागत नाही!"

चेहरा असा फुलला होता. रविवारची सुट्टी घालवून बाईंसाठी वाट शोधून आणली! आपण काय आणलंय ह्याची तिला कल्पना नव्हती. की होती?

मी म्हटलं, छान. नंतर बघू. वही मिटून तिच्या हातात दिली. दिवसभर काय शिकवलं, देव जाणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर एकटी गेले. सायकल घेऊन. देवा, खिंडार बुजलेलं असू दे, मोरीत गाळ साचलेला असू दे, पोरीनं पावलं चुकवलेली असू देत! स्वतःच्या विद्यार्थिनीचं उत्तर चुकावं म्हणून प्रार्थना करणारी गणिताची बाई. अशी मीच.

खिंडार आहे. वर्षानुवर्षं लोक जाऊन कडा गुळगुळीत झाल्यात. मोरी कोरडी. दोन बायका डोक्यावर कपड्यांची गाठोडी घेऊन समोरून आल्या, मला सायकलसकट वाट दिली.

४५५ फेरे. ९४२ मीटर.

पायांनी मोजून दोन मीटरही चुकली नाही पोरगी. मोरीच्या तोंडाशी उभी राहून मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी वाटलं, ही वही कुणी पाहू नये.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जीव थाऱ्यावर नाही. भाजी करपली, दूध उतू गेलं, हजेरी दोनदा घेतली.

स्वतःशीच वाद घालतेय. तो काय रस्ता आहे? कुणाच्या मालकीच्या भिंतीतलं भोक! नकाशावर नाही. — नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही, असं समजू नका. कोण म्हणालं होतं? — बरं, पण पावसाळ्यात मोरीत पाणी भरत असणार. आज मुंगीला सहज विचारल्यासारखं विचारलं. "हो बाई, चार महिने आई वरनंच जाते." बघ! म्हणजे वर्षातले चार महिने ती वाट नाहीच.

हे म्हणाले, "मग तसंच लिही की. वाट आहे, ९४२ भरते, चार महिने पाण्यात असते. काय चुकीचं आहे त्यात?"

मी भडकले. तुम्हाला काय कळतंय! साहेबाला नऊशे बेचाळीस दिसलं की पुढचं कोण वाचतो? आकडा हजाराच्या आत, संपलं! मागच्या वेळी आम्ही तीन पानं लिहिली होती, त्यातलं एक वाक्य कुणी वाचलं नाही.

ते दोरा तोडत म्हणाले, "माप घेताना गिऱ्हाइकाला विचारत नाहीत, किती लिहू म्हणून." आणि मशीन सुरू केलं, म्हणजे बोलणं बंद.

राग आला. अजून आहे. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तक्ता केला. मोठा पांढरा कागद, वर मथळा — आमच्या शाळेपासून मोठ्या शाळेपर्यंत. नकाशाचं माप, चाकाचं माप, जातानाचं, येतानाचं, सरासरी. वकिलाचं अक्षर चांगलं, त्यानं आकडे लिहिले. रंग भरले. हमरस्त्यावर ट्रक काढले, खूपच काढले.

मुंगी वही घेऊन उभी. "बाई, माझी वाट कुठे काढू?"

"ती नको."

"चुकलीय का?"

"नाही."

"मग?"

सगळा वर्ग ऐकत होता. ब्रश थांबले. मी म्हटलं, ह्या तक्त्यात फक्त मोठे रस्ते घ्यायचेत. असं कुठे ठरलं होतं? कुठेच नाही. त्या क्षणी ठरलं. वकिलानंसुद्धा एक शब्द काढला नाही, आणि तो गप्प बसला म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

मुंगीनं वही दप्तरात ठेवली. नीट, कोपरा दुमडू न देता. मग ट्रक रंगवायला बसली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हरकत दिली. सोबत तक्ता. हेडसरांनी सही केली. त्यांना त्या वाटेचं सांगितलं नाही. त्यांना माहीत असलं तर त्यांनीही मला सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ मुलं. नऊ मुलं. हेच घोकतेय. चूक असो की बरोबर, मी ते नऊ परत होऊ देणार नाही.

मुंगी आज चालताना मोजत नव्हती. की मला तसं वाटलं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब आले.

मी ठरवून ठेवलं होतं की माणूस आडमुठा असणार, घड्याळाकडे बघणार, चहा घेऊन जाणार. तसा असता तर किती बरं झालं असतं! पस्तिशीचा असेल. बूट धुळीनं माखलेले. गाडी मोठ्या शाळेपाशी सोडून तिथून चालत आला होता, सिग्नलवरून. तक्त्यापुढे पाच मिनिटं उभा राहिला. चाकाच्या फेऱ्यांचं विचारलं, दोन्ही बाजूंनी वेगळं का मोजलं ते विचारलं. वकिलानं सांगितलं. "एकाची चूक दुसऱ्याला लागू नये म्हणून? वा!" मग स्वतःच म्हणाला, आमच्या कागदावरचं ८९० सरळ रेषेतलं आहे, ते धरता येणार नाही. इतकं सोपं!

फाईल मिटता मिटता तो मुलांकडे वळला. गुडघ्यावर हात ठेवून वाकला, त्यांच्या उंचीला आला.

"बरं, मला एक सांगा. तुम्ही रोज इथे हिंडता, तुम्हाला गल्लीबोळ आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. ह्याहून जवळची वाट आहे का एखादी?"

कुणीच बोलेना. त्याची नजर पहिल्या बाकावर आली. मुंगी सगळ्यात लहान, म्हणून पहिल्या बाकावर बसते. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. सरळ. मला वाटलं, आता मी बोलायला हवं. मी. मोठं माणूस मी आहे इथे. तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होती. आहे साहेब, चार महिने पाण्यात असते, पण आहे. एवढंच तर म्हणायचं होतं!

मी टेबलावरचे खडू डबीत भरायला लागले. एकेक करून.

"नाही," मुंगी म्हणाली.

मग मागून वकील, "नाही साहेब." मग सगळेच. नाही, नाही. बावीसच्या बावीस.

साहेबांनी लिहून घेतलं. जाताना दारात मला म्हणाले, "मोठ्यांना विचारलं तर दहा उत्तरं मिळतात, म्हणून मी मुलांनाच विचारतो."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत गेले. शिकवलं. आले.

१ मार्च, शनिवार

ह्यांना सांगितलं. मशीन थांबवलं, चष्मा काढला. मला वाटलं, आता बोलतील. बोलतील तर बरं, भांडता तरी येईल. म्हणाले, "चहा टाकू का?" आणि आत गेले टाकायला. तीस वर्षांत ह्यांनी कधी चहा टाकला नव्हता. पातेलं कुठे असतं, तेही सापडेना.

मला रडू आलं ते पातेल्यावरून, असं त्यांना वाटलं असेल.

३ मार्च, सोमवार

सोमवारी बोलेन मुंगीशी, असं दोन दिवस घोकलं होतं. मधल्या सुट्टीत थांबवलं. म्हटलं, त्या दिवशी तू... म्हणजे, मी तुला...

"बाई, मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. मला धीर देत होती! "आईलापण सांगितलंय, कुणी विचारलं तर वरनं जाते म्हण."

ती पाणी प्यायला पळाली.

साहेबांचा पत्ता मिळवलाय. पत्र लिहावं? लिहायला घेतलं. "आपल्या पाहणीच्या वेळी एक वाट..." इथपर्यंत येते आणि हात थांबतो. चार वेळा फाडलं. एक्केचाळीस मुलं एका बाजूला आणि ती एक वही दुसऱ्या बाजूला. आणि वहीवाली त्या एक्केचाळीसमध्येच आहे! हे गणित कुठल्या पुस्तकात आहे, दाखवा मला.

४ मार्च, मंगळवार

पत्र आलं! शाळा राहिली. "चालण्याच्या वाटेने अंतर १२१७ मीटर, सबब प्रस्ताव रद्द." हेडसरांनी घंटा स्वतः बडवली, वेळ नसताना. मुलं अंगणात धावत सुटली. वकिलाला चौघांनी खांद्यावर घेतलं, त्यानं तिथूनच भाषण ठोकलं. पालक आले, एका आईनं माझे हात धरले, सोडेचना. तिच्या घरून मोठ्या शाळेत कुणी पोचवणारं नव्हतं, म्हणाली. पोरीची शाळा सुटली असती, म्हणाली.

खरं आहे ते. तेही खरंच आहे! मी हसले, बोलले, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मुंगीही टाळ्या वाजवत होती. मग मला बरं का वाटत नाही?

संध्याकाळी अर्धवट पत्राचा कागद चुलीत टाकला. आता नको. झालं ते झालं. उद्यापासून नवा धडा.

६ मार्च, गुरुवार

आज मोजमापाची उजळणी घेतली. सोपीच. फळ्याची लांबी मोजा. मुंगीला पुढे बोलावलं. ती मीटरपट्टी घेऊन फळ्यापाशी गेली, पट्टीचं टोक कडेला लावलं, आणि मोजायच्या आधी माझ्याकडे वळली.

"बाई, किती यायला हवी?"

चेष्टा नव्हती, राग नव्हता. आणि बाकीचे एकवीस जण, पेन्सिली वहीवर टेकवून, मी काय सांगते ते लिहायला थांबले होते.